पागोळ्या पडतात तिथपर्यंत तरी मोकळं ठेवा

पत्र आलंय सोलापूरजवळच्या नान्नजच्या अलीकडच्या एका वस्तीवरून. नाव छापू नका म्हणाल्यात म्हणून छापत नाही. थोडं कमी करून देते:

"ताई, आमचं घर गावात नाही, रानात वस्तीवर आहे. पश्चिमेला माळ, त्याच्या पलीकडं अभयारण्याचं गवत, आणि दक्षिणेला बांधाला बांध लागून चुलत दिरांचा ऊस. यंदा फेब्रुवारीत दुपारी तीनच्या सुमारास माळ पेटला. जाळ घरापर्यंत आला नाही, शंभर-दीडशे फुटांवर विझवला आम्ही, पण ठिणग्या उडून कडब्याची गंज गेली, तिच्या शेजारचं गोठ्याचं छप्पर गेलं, एक कालवड भाजली. घर जुनं आहे, अर्धं माळवद अर्धं पत्रा, आता नवीन बांधायचं चाललंय. मिस्तरी म्हणतो वर पत्रा टाकू आणि आतून पीव्हीसीचं सीलिंग करू, स्वस्तात होतंय. सासूबाई म्हणतात गंज आणि गोठा होता तिथंच घराला लागून पाहिजे, रात्री जनावरावर नजर राहते. चुलत दिरांना पाचट जाळू नका म्हटलं तर दोन महिने बोलणं बंद झालं. मुलगी आठवीत आहे, ती लॉस एंजलिसच्या आगीचे व्हिडिओ बघत बसते आणि रात्री उठून विचारते, आई आपलं पण जळणार का. वणव्यात टिकेल असं घर खरंच बांधता येतं का, का ही सगळी श्रीमंतांची कामं?"

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. बांधता येतं. शंभर टक्के खात्री कुणीच देऊ शकत नाही, पण पुष्कळ फरक पडतो, आणि त्यातलं निम्म्याहून जास्त काम पैशाचं नाहीये, काय कुठं ठेवायचं याचं आहे.

तुम्ही पत्रात एक गोष्ट सहज लिहून गेलात, मी ती दोनदा वाचली. जाळ शंभर-दीडशे फुटांवर विझला, तरी गंज गेली. सगळं यातच आहे बघा. आपल्याला वाटतं वणवा म्हणजे जाळाची भिंत चालत येते आणि घर गिळते, पण जिथं जिथं वणव्यात घरं गेली आणि नंतर लोकांनी नीट शोध घेतला तिथं हेच दिसलं की बरीच घरं ठिणग्यांनी गेली. वाऱ्यावर उडून आलेलं निखाऱ्याचं एवढंसं चिपाड वळचणीला, गंजीत, खिडकीच्या फटीत, पायरीखालच्या पाल्यात जाऊन बसतं, तासभर नुसतं धुमसतं, आणि माणसं वणवा विझला म्हणून माघारी फिरलेली असताना मागं घर पेटतं. मोठ्या वणव्यात ठिणगी दीड-दोन किलोमीटर सुद्धा उडून जाते, आपल्या माळाच्या आगीत एवढी नाही जाणार पण शे-दोनशे फूट म्हणजे वाऱ्याला काहीच नाही, वावटळ आली तर विचारायलाच नको.

जॅक कोहेन म्हणून अमेरिकेच्या वनखात्यात एक शास्त्रज्ञ होते, त्यांनी कॅनडात मुद्दाम जंगल पेटवून समोर लाकडी भिंती उभ्या करून बघितल्या. दहा मीटरवरच्या भिंती काही वेळा पेटल्या, वीस आणि तीस मीटरवरच्या पेटल्या नाहीत. झाडांच्या शेंड्यापर्यंत गेलेला जाळ होता तो, तरी. आपलं पवन्या, कुसळी गवत तर मिनिटभरात जळून पुढं जातं. म्हणजे घराच्या आजूबाजूला तीस मीटर, आपल्या भाषेत शंभर फूट, नीट ठेवलं तर जाळ स्वतः घर पेटवत नाही, उरते ती ठिणगी, आणि ठिणगीला हवं असतं वाळकं काहीतरी.

आता लाहायनाची गोष्ट सांगते, मुलीला पण सांगा. हवाई बेटांवरचं हे गाव ८ ऑगस्ट २०२३ ला जळालं, शंभराच्या आसपास माणसं गेली, दोन हजारांवर इमारती गेल्या. आणि आग कशाची, तर गवताची. तिथं पूर्वी सगळा ऊस होता, आपल्यासारखाच, गावातली साखरेची मिल १९९९ मध्ये बंद पडली, उसाची रानं पडीक राहिली आणि त्यात गिनी गवत माजलं, हो तेच, आपण जनावरांना वैरण म्हणून लावतो ते. ते वाळलं, वारं सुटलं, आणि गाव गेलं. त्या राखेच्या मधोमध एक लाल छपराचं घर जसंच्या तसं उभं होतं, फोटो सगळ्या जगानं बघितला. लोकांना वाटलं फोटोत खाडाखोड केलीय. घर शंभर वर्षांचं, आणि लाकडी बरं का. मालकांनी थोडेच दिवस आधी दुरुस्ती काढली होती, वरचं छप्पर काढून जाड पत्रा टाकला होता, आणि भिंतीला लागून असलेली झाडंझुडपं काढून पागोळ्या पडतात तिथपर्यंत चारही बाजूनं दगड पसरले होते. वणव्यासाठी नाही केलं त्यांनी हे! वाळवी लागू नये म्हणून केलं. घराभोवती ठिणगीला धरायला काही मिळालंच नाही. शेजारी घरं जरा लांब होती हे पण त्यांच्या बाजूनं पडलं, ते सोडून चालणार नाही, पण पत्रा आणि दगड, एवढ्यावर लाकडी घर टिकलं.

म्हणून श्रीमंतांची कामं म्हणू नका. वाळवीसाठी भिंतीभोवती मुरूम टाकणारे आपल्याकडं पण आहेत की.

दुसरं उदाहरण थोडक्यात. कॅलिफोर्नियात पॅराडाइज नावाचं गाव नोव्हेंबर २०१८ मध्ये जळालं, ८५ माणसं गेली. तिथं २००८ पासून वणव्याच्या भागात घर कसं बांधायचं याचे नियम लागू झालेले होते. नंतर मोजलं तेव्हा नव्या नियमानं बांधलेल्या घरांपैकी साधारण निम्मी सहीसलामत होती, आणि त्याआधीच्या घरांपैकी फक्त १८ टक्के. मला यातलं दुसरं निम्मं पण महत्त्वाचं वाटतं. नियम पाळून बांधलं तरी अर्धी गेली, कारण शेजारचं घर पेटलं की त्याची धग तासन्तास राहते. तुमच्या वस्तीवर शेजारचं घर नाही, पण शेजारचा गोठा आहे, गंज आहे, दिरांचा ऊस आहे. त्यावर येते पुढं.

आधी घर. पैसे एकाच ठिकाणी घालायचे असतील तर छतात घाला. स्लॅब परवडत असेल तर स्लॅबच, त्याला तोड नाही. सोलापूरचा उन्हाळा स्लॅबखाली काढायचा म्हणजे काय ते मला माहितीय, चव्वेचाळीस-पंचेचाळीस डिग्रीत रात्री दोनला सुद्धा स्लॅब गरम लागतो, पण त्यावर पांढरा चुना मारला तरी बराच फरक पडतो. परवडत नसेल तर पत्रा वाईट नाही, पत्रा पेटत नाही, फक्त त्याच्या खाली लाकडाच्या वाशाऐवजी लोखंडी अँगल टाका, आणि पत्र्याच्या पन्हळी भिंतीवर टेकतात तिथं ज्या फटी राहतात ना, चिमण्या घरटी करतात त्या, त्या सगळ्या सिमेंट-वाळूनं बुजवून घ्या. ठिणगी तिथूनच आत जाते आणि चिमणीचं घरटं म्हणजे वाळकं गवतच. मिस्तरी म्हणेल काय गरज आहे, तुम्ही त्याच्या मागं उभ्या राहून करून घ्या, अर्ध्या दिवसाचं काम आहे.

पीव्हीसी सीलिंगला मात्र माझा सरळ नकार. पत्रा तापला की खालचं पीव्हीसी वितळून गळायला लागतं आणि जो धूर होतो तो विषारी, जाळाच्या आधी धुरानं माणूस जातो. थर्माकोल तर त्याहून वाईट. सीलिंग पाहिजेच असेल तर सिमेंट बोर्ड किंवा जिप्सम बोर्ड लावा, थोडं महाग पडेल, आत्ता पैसे नसतील तर सीलिंगशिवाय राहा दोन वर्षं पण प्लास्टिक नको. जुने सिमेंटचे पत्रे कुठं मिळत असले तरी घेऊ नका, ते आगीत तडतडून फुटतात आणि तुकडे उडतात.

आणि एक गोष्ट, जी आपल्याकडं घरोघर होते म्हणून मला जास्त भीती वाटते. उन्हाळ्यात पत्रा तापतो म्हणून लोक पत्र्यावर पाचट, उसाचं वाढं, तुराट्या, जुनी पोती टाकतात. वरून पाणी मारतात, गार वाटतं, खरंय. पण मार्च ते मे याच दिवसांत माळ पेटतात आणि तुम्ही घराच्या डोक्यावर स्वतःच्या हातानं सरपण रचलेलं असतं! त्याऐवजी पत्र्याला पांढरा रंग द्या. अंगणात हिरवं शेडनेट बांधतात ते पण प्लास्टिकच, ठिणगी पडली की वितळत खाली येतं, तो मांडव निदान भिंतीला चिकटून नको.

जुनं माळवद पाडायचं ठरलंय का? अर्धं जरी चांगलं असेल तर ठेवायचा विचार करा. दगडी भिंत आणि वर हातभर पांढरी माती, ठिणगी त्यावर पडून मरूनच जाते, आपल्या आजे-पणज्यांनी उन्हासाठी केलं पण आगीला पण ते चांगलंच आहे. त्याचे कच्चे दुवे दोनच. एक म्हणजे भिंतीबाहेर आलेली तुळयांची टोकं, ती मातीनं नाहीतर सिमेंटनं लिंपून घ्या. दुसरं म्हणजे पावसाळ्यात वर उगवलेलं गवत, ते दिवाळीपर्यंत वाळतं आणि कुणी काढत नाही. दिवाळीच्या सफाईत धाब्यावर चढून ते उपटून टाकायचं, एवढंच.

भिंतीला काही होत नाही हे मी डोळ्यांनी बघितलंय. माझ्या मामाचं गाव मोहोळ तालुक्यात, मी दहाएक वर्षांची असेन, वाड्याच्या मागच्या भिंतीला तुराट्यांचा ढीग लावून ठेवलेला होता आणि तो पेटला. कशानं पेटला ते शेवटपर्यंत कळलं नाही. दोन फुटी दगडी भिंत, तिला काहीच नाही झालं, आज पण ती काळी दिसते फक्त. पण वर एक लहान खिडकी होती, लाकडी चौकट, काच तडकली आणि तिथून आग माजघरात गेली, ज्वारीच्या कणग्या गेल्या, आजीची पेटी गेली. आजी त्या रात्री काहीच बोलली नाही, दुसऱ्या दिवशी तिनं पहिलं काम काय केलं तर भिंतीजवळचं सगळं उचलून विहिरीकडं नेलं. तेव्हापासून मी कुठल्याही वस्तीवर गेले की आधी भिंतीला काय टेकवलंय ते बघते.

तर खिडक्या. पश्चिमेला, म्हणजे माळाकडं, खिडक्या कमी आणि लहान ठेवा, दुपारच्या उन्हासाठी पण तेच बरं. साधी काच धगीनं लवकर तडकते, टफन्ड काच बरीच जास्त टिकते, सगळीकडं नाही जमलं तरी माळाकडच्या दोन खिडक्यांना तरी बसवा, आणि बाहेरून लोखंडी पत्र्याची झडप करून घ्या, गावातला वेल्डर करून देईल. मच्छरदाणीची जाळी नायलॉनची असते ती क्षणात वितळते, स्टीलची घ्या, भोकं बारीक, दीड ते तीन मिलिमीटर, तीच जाळी झरोक्यांना पण लावा. पत्र्याची पन्हाळ बसवा, पीव्हीसीची नको, आणि त्यात पाला साचू देऊ नका. दाराखालच्या फटीला पत्र्याची पट्टी मारा.

आता घराबाहेरची पहिली पाच फुटं. कॅलिफोर्नियात तर आता याच पट्ट्यावर सगळा जोर आहे, भिंतीपासून पाच फुटांत जळण्यासारखं काहीही नको. तुमच्या घराला हे पागोळ्यांपर्यंत किंवा थोडं पुढं असं धरा. तिथं मुरूम दाबून टाका किंवा शहाबादी फरशी, तुकड्याची चालेल. तिथं काय नको तर सरपण नको, गोवऱ्या नकोत, ठिबकच्या नळ्यांचे बंडल नकोत (हे तर प्रत्येक वस्तीवर भिंतीला टेकवलेले असतात, आणि एकदा पेटले की टायरसारखे जळतात), खताची रिकामी पोती नकोत, ताडपत्री नको, डिझेलचा कॅन तर अजिबात नको. तुळस ठेवा की, ओली तुळस काही करत नाही. गॅसची जादा टाकी पश्चिमेच्या भिंतीला बाहेर ठेवू नका.

दारातला लिंब तोडू नका, कुणी सांगितलं तरी. त्याच्या खालच्या फांद्या माणसाच्या डोक्याच्या वर राहतील अशा छाटा आणि छपरावर आलेल्या फांद्या मागं घ्या. फक्त एक आहे, लिंबाचा पाला पडतो फेब्रुवारी-मार्चमध्ये, बरोबर वणव्याच्या दिवसांत, तेव्हा रोज झाडायचं आणि छपरावरचा पाला आठवड्यातून एकदा काढायचा. नवीन झाड लावताना निलगिरी, सुरू, बांबू घराजवळ नको, आणि नारळ असेल तर वाळक्या झावळ्या वेळच्या वेळी उतरवा.

आता सासूबाईंचं. त्यांचं म्हणणं खोटं नाहीये हं. कडबा चोरीला जातो, जनावर रात्री सुटतं, गाय अडली तर कळायला पाहिजे. त्यांना "तुम्हाला कळत नाही" या सुरात सांगायला गेलात तर गंज तिथंच राहील. त्यांना कालवडीवरून सांगा. गोठा घराला लागून होता म्हणून कालवड भाजली असं नाही, ती भाजली कारण गंज गोठ्याला लागून होती. नजर ठेवायला गोठा जवळ पाहिजे हे मान्य करा, तीस-चाळीस फुटांवर घ्या, मधे मोकळं अंगण, स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसेल अशा बाजूला, बल्ब लावा. पण गंज मात्र घर आणि गोठा दोन्हीपासून साठ-सत्तर फूट लांब, वारा माळाकडून येतो त्या बाजूला नको, विहिरीजवळ किंवा नांगरलेल्या रानाच्या कडेला. आणि एक मोठी गंज रचण्यापेक्षा दोन लहान रचा, लांब लांब, म्हणजे एक गेली तरी वर्षाची वैरण जात नाही. हे शेवटचं वाक्य सासूबाईंना नक्की पटेल, ज्यांनी बहात्तरचा दुष्काळ बघितलाय किंवा ऐकलाय त्यांना वैरणीची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.

गोठ्यावर पाचटाचं छप्पर परत घालू नका, पत्रा घाला. दोन बाजूंनी वाट ठेवा. दावं असं बांधा की एका हिसक्यात सुटेल, सुरगाठ मारा, आगीच्या धुरात साखळीची कडी काढत बसायला वेळ मिळत नाही.

माळाकडचं काय करायचं? माळ जाळून मोकळा करू नका, हे मी हात जोडून सांगते. बऱ्याच जणांना वाटतं दिवाळीनंतर आपणच पेटवून दिला की धोका संपला आणि गवत पण जोमानं फुटतं. तो माळ म्हणजे पडीक जमीन नाहीये. १९७९ मध्ये माळढोकासाठी अभयारण्य झालं ते याच गवतासाठी, आज तिथं माळढोक दिसणं जवळपास संपलंय पण काळवीट आहेत, लांडगे आहेत, जमिनीवर अंडी घालणारे चंडोल, तित्तर आहेत, त्यांना पळायला पंख असले तरी पिलांना नसतात. आणि अभयारण्यात किंवा राखीव वनात आग लावणं हा कायद्यानं गुन्हा आहे, तो भाग वेगळाच. वनखातं दरवर्षी जाळरेषा काढतं, म्हणजे गवताचा एक पट्टा साफ करून ठेवतं की जाळ तिथं येऊन थांबावा. तुमच्या बाजूची जाळरेषा कधी काढतात ते वनरक्षकाला विचारा, नोव्हेंबर-डिसेंबरातच विचारा, कारण आगीचा हंगाम १५ फेब्रुवारीपासून धरतात आणि तुमचा माळ त्याच सुमारास पेटला. तुमच्या स्वतःच्या हद्दीत बांधाच्या आतून ट्रॅक्टरनं दोन तास नांगर फिरवून आठ-दहा फुटांचा पट्टा उघडा करा, गवत कापून वैरणीला घ्या, जाळू नका. घरापासून शंभर फुटांत गवत घोट्याएवढं ठेवा, शेळ्या असतील तर त्यांनाच सोडा.

विजेच्या तारा बघा एकदा. उसावरून किंवा गंजीवरून लोंबणारी तार वाऱ्यात एकमेकींना घासते आणि ठिणग्या पडतात, दरवर्षी किती ऊस जातो याच्यामुळं. लेखी अर्ज द्या, फोटो जोडा, पोच घ्या, आणि तार वर घेईपर्यंत तिच्याखाली काही रचू नका.

आता चुलत दीर. मला हा तुमच्या पत्रातला सगळ्यात अवघड भाग वाटला, सिमेंट-पत्र्याचं सांगणं सोपं आहे. तुम्ही त्यांना कधी बोललात? मला वाटतं आग लागून गेल्यावर, राग डोक्यात असताना, आणि त्यांना वाटलं असणार माळ आमच्यामुळं पेटला असं म्हणतायत. आता ते सोडून द्या. घरातल्या मोठ्या माणसानं पुढं होऊन बोलणं सुरू करू द्या, एखाद्या कार्याला, आणि पाचटाचा विषय काढायचा तो तोडणी सुरू व्हायच्या आधी, दसरा-दिवाळीच्या सुमारास. टोळी आल्यावर काही उपयोग नाही, तेव्हा त्यांना रान मोकळं करायची घाई असते आणि मजूर मिळत नाहीत, काडी लावणं सोपं पडतं. त्यांची अडचण खरी आहे, पाचट सरीत अडकतं, पाणी पुढं जात नाही, खोडवा फुटत नाही असं वाटतं.

म्हणून नुसतं "जाळू नका" म्हणू नका, बदली काय ते घेऊन जा. एकरी तीन-चार टन पाचट निघतं, ते कुजलं तर खतच आहे. कुट्टी यंत्र फिरवून बारीक करायचं, सरीत दाबायचं, टनाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारं जिवाणू खत टाकायचं आणि पाणी द्यायचं. उन्हाळ्यात पाण्याच्या एक-दोन पाळ्या पण वाचतात, आणि उजनी धरणाचं आवर्तन लांबलं की त्याची किंमत कळते. यंत्राचं भाडं निम्मं आम्ही देतो म्हणा. हे मी मनापासून सांगते, त्यांच्या रानातलं पाचट तुमच्या घराच्या दक्षिणेला आहे, म्हणजे ते तुमच्या घराचाच भाग झाला, त्यावर खर्च केलेला रुपया पत्र्यावर केलेल्या रुपयाइतकाच कामाचा. पहिल्या वर्षी सगळं नाही ऐकलं तर निदान तुमच्या बांधाला लागून शंभर फूट तरी न जाळता कुट्टी करा एवढं कबूल करून घ्या. तरी जाळणारच म्हणाले तर आधी फोन करा म्हणावं, वारा पडलेला असताना, पाण्याचा टँकर उभा करून. भांडणापेक्षा हा फोन लाखमोलाचा आहे.

आणि तुमच्या भागात द्राक्षबागा आहेत, प्रत्येक बागायतदाराकडं फवारणीचा ब्लोअर आहे, पाच-सहाशे लिटरची टाकी आणि ट्रॅक्टरवर चालतो. वस्तीवर आग लागली तर फायर ब्रिगेडची गाडी सोलापुरातून किंवा बार्शीतून यायला वेळ लागतोच, दहा मिनिटांत पोचणारी गाडी म्हणजे शेजाऱ्याचा ब्लोअर. पाच-सहा जणांचा एक ग्रुप करा, फेब्रुवारी ते जून टाक्या भरून ठेवायच्या असं ठरवा. चुलत दिरांकडं ब्लोअर असेल तर त्यांनाच पहिलं ग्रुपमध्ये घ्या.

आग आलीच तर काय, हे पटकन. १०१ किंवा ११२, वनहद्दीत असेल तर वनखात्याचा १९२६. दारं-खिडक्या-झडपा बंद, गॅसचा रेग्युलेटर बंद, जनावरं सोडून नांगरलेल्या रानात. अंगावर सुती कपडे, नायलॉनची साडी आणि पॉलिस्टरचा ड्रेस अंगाला चिकटतो. लाइट जाणार हे धरून चाला, मोटर चालणार नाही, म्हणून उंचावरच्या टाकीत किंवा हौदात पाणी पाहिजे आणि बादल्या पाहिजेत. लिंबाचे ओले ढाळे, ओली पोती घेऊन बाजूनं विझवत यायचं, जाळाच्या समोर उभं राहायचं नाही. जाळ माणसाच्या उंचीच्या वर गेला की सोडून द्यायचं, घर परत बांधता येतं. पळायची वेळ आली तर वाळक्या गवतातून नाही, जळून गेलेल्या काळ्या भागात नाहीतर नांगरलेल्या रानात. भाजलं तर वीस मिनिटं साधं वाहतं पाणी, हळद-टूथपेस्ट काही नाही, आणि दवाखाना. जाळ गेल्यावर निदान चार-पाच तास घराभोवती फिरत राहायचं, छप्पर, वळचण, गंज, हात लावून बघायचं. तुमची गंज याच वेळात गेली असणार असं मला वाटतं.

लेकीचं राहिलं. तिला व्हिडिओ बघू नको म्हणून उपयोग नाही, ती बघणारच, आणि तिची भीती बरोबर आहे, तिनं कालवड भाजलेली बघितलीय. रात्री विचारते तेव्हा "नाही गं काही होत नाही" म्हणू नका, तिला ते खोटं वाटतं. तिला त्या लाल छपराच्या घराचा फोटो दाखवा आणि नवीन घराचा नकाशा हातात द्या. पाया आखायच्या दिवशी चुना टाकायला तिलाच घ्या, आधी घराची रेघ, मग पागोळ्यांची रेघ, मग पावलाला पाऊल जोडत साठ-सत्तर पावलं मोजून गंजीची जागा, तिची पावलं लहान आहेत म्हणून सत्तरच मोजू द्या. आणि दर रविवारी घराला एक फेरी मारायची, भिंतीला काही टेकवलंय का बघायचं आणि दिसलं तर ज्याचं आहे त्याला उचलायला लावायचं, आजोबा असले तरी, हे काम तिचं.

नकाशा झाला की मला पाठवा, माळाकडच्या खिडक्या आणि गोठ्याची जागा मी बघून देते. आणि कालवडीचं कळवा.